संगणकाचे बिऱ्हाड हलते तेव्हा

बदलीची नोकरी असलेल्या माणसांच्या घरी बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग दर तीन-चार वर्षांनी येतोच. भांडीकुंडी, अंथरुणे, कपडे, पुस्तके हे सगळे खोक्यांत भरून ट्रकवर चढते आणि नव्या गावी जसेच्या तसे उतरते. पण भिंतीत बसवलेले कपाट काही उचलून नेता येत नाही. थ्री-फेज विजेवर चालणारी पिठाची गिरणी सोबत नेली आणि नव्या घरात सिंगल-फेज वीज असली, तर ती गिरणी तिथे चालत नाही. गिरणीत बिघाड झालेला नसतो. तिला लागणारी सोय त्या घरात नसते, इतकेच.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना असेच घडते. काही सामान सुखरूप पोहोचते, काही पोहोचूनही उपयोगी पडत नाही. असे का होते, ते विद्यार्थिमित्रहो, आपण या लेखात पाहू.

हा प्रसंग पुष्कळ घरांवर आणि शाळांवर अलीकडेच आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करून देण्याची नेहमीची व्यवस्था संपली. त्यापुढची विंडोज ११ वापरायची, तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. बऱ्याच जुन्या संगणकांत ते नसतात. असा धडधाकट संगणक टाकून देण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवावे, असा विचार अनेकांनी केला. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. उबुंटू, मिंट ही लिनक्सवर आधारलेल्या आणि विनामूल्य मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची नावे तुम्ही ऐकली असतील.

समजा, तुमच्या शाळेतील एका संगणकावर असा बदल करायचे ठरले. त्या संगणकावर चार गोष्टी आहेत. पहिली, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे. दुसरी, विद्यार्थ्यांनी शाळेच्या पर्जन्यमापकावरून दहा पावसाळे रोज टिपलेल्या पावसाच्या नोंदी. तिसरी, शाळेच्या वार्षिकांकाचे जुने मराठी अंक. आणि चौथी, भूमितीच्या आकृत्या काढण्याचा एक प्रोग्रॅम. या चारांपैकी कोणती गोष्ट नव्या घरी नीट पोहोचेल?

फाईल म्हणजे आकड्यांची रांग

संगणकाच्या डिस्कवर चित्र नसते, अक्षर नसते की गाणेही नसते. तिथे असतात फक्त आकडे. ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावेल एवढ्या जागेला एक बाइट म्हणतात. अशा बाइटांची एक लांबलचक रांग म्हणजे फाईल.

मग त्या आकड्यांतून छायाचित्र कसे दिसते? आकड्यांचा अर्थ कसा लावायचा याचे नियम आधी ठरलेले असतात म्हणून. जेपेग या पद्धतीच्या छायाचित्राची फाईल २५५ आणि २१६ या दोन आकड्यांनी सुरू होते. पीएनजी पद्धतीच्या चित्राचे पहिले चार आकडे १३७, ८०, ७८, ७१ असे असतात. ही जणू त्या फाईलच्या कपाळावरची खूण होय. ती पाहिली की पुढचे आकडे कसे वाचायचे ते कळते.

जेपेगचे नियम १९९२ पासून प्रसिद्ध आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. विंडोजवर काम करणाऱ्यांनी ते वाचून आपले चित्रदर्शक प्रोग्रॅम लिहिले. लिनक्सवाल्यांनी आणि मोबाइलवाल्यांनीही तेच केले. म्हणून आपली पहिली गोष्ट, म्हणजे छायाचित्रे, कोणत्याही संगणकावर सारखीच दिसतात. आकडे तेच, नियमही तेच; मग चित्रही तेच.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. फाईल सुखरूप पोहोचली असे म्हणण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आकड्यांची रांग न बदलता पोहोचली पाहिजे, आणि तिचा अर्थ लावण्याचे नियम नव्या ठिकाणी माहीत असले पाहिजेत. पहिली गोष्ट पेन ड्राइव्ह करतो. दुसरी गोष्ट मात्र पेन ड्राइव्हच्या हातात नसते.

प्रोग्रॅमची अडचण कोठे येते?

आता चौथी गोष्ट आधी घेऊ. प्रोग्रॅम हीसुद्धा एक फाईलच असते. तिच्यातही आकडेच असतात. मग विंडोजवरचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून लिनक्सवर नेला, तर तो का चालत नाही?

छायाचित्रातील आकडे ही माहिती असते. प्रोग्रॅममधील आकडे हे हुकूम असतात. त्यांतले काही हुकूम प्रोसेसरसाठी असतात: या दोन संख्यांची बेरीज कर, ही मोठी असेल तर तिकडे जा, वगैरे. आपण संगणक तोच ठेवला आहे, म्हणजे प्रोसेसरही तोच आहे. तेव्हा या हुकमांची काही अडचण नाही. पण पडद्यावर चौकट काढणे, फाईल उघडणे, छपाई करणे ही कामे प्रोग्रॅम स्वतः करत नाही. ती तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो.

एखाद्या कचेरीची कल्पना करा. प्रत्येक कामाची खिडकी ठरलेली आहे आणि अर्जाचा नमुनाही ठरलेला आहे. त्या कचेरीत वर्षानुवर्षे ये-जा करणारा माणूस डोळे मिटूनही बरोबर त्या खिडकीपाशी जाईल. त्यालाच दुसऱ्या गावच्या कचेरीत पाठवले, तर तिथे त्या क्रमांकाची खिडकी भलत्याच कामाची निघेल, आणि त्याच्या हातातला अर्जही चालणार नाही. प्रोग्रॅमचे असेच होते. उदाहरणार्थ, इंटेल पद्धतीच्या ६४ बिटी प्रोसेसरवरील लिनक्समध्ये वाचण्याच्या मागणीचा क्रमांक ० आणि लिहिण्याच्या मागणीचा १ आहे. विंडोजमधील मागण्यांची नावे, क्रमांक आणि त्या करण्याची रीत अगदी निराळी आहे.

खरे तर गोष्ट इथपर्यंत येतच नाही. विंडोजच्या प्रोग्रॅमची फाईल ७७ आणि ९० या आकड्यांनी सुरू होते. लिनक्सच्या प्रोग्रॅमची १२७, ६९, ७६, ७० या आकड्यांनी. कपाळावरची ओळखीची खूण दिसली नाही, म्हणजे लिनक्स त्या प्रोग्रॅमला दारातूनच परत पाठवते.

शिवाय प्रोग्रॅम एका जागी राहत नाही. विंडोजवर तो बसवला जातो तेव्हा त्याचे काही भाग एका फोल्डरमध्ये, काही दुसऱ्यात आणि त्याच्या आवडीनिवडींच्या नोंदी रजिस्ट्री नावाच्या वहीत ठेवल्या जातात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. बहुतेक प्रोग्रॅमांचे तसे नसते. म्हणून एका विंडोज संगणकावरून दुसऱ्या विंडोज संगणकावर जातानासुद्धा नुसता फोल्डर उचलून भागत नाही. प्रोग्रॅम नव्याने बसवावा लागतो.

मग उपाय काय?

ही अडचण नवी नाही. १९६४ साली आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली. तेव्हा आयबीएमच्याच १४०१ या जुन्या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम शेकडो कचेऱ्यांत रोजच्या वापरात होते. ते सगळे टाकून द्या असे सांगितले असते, तर नवा संगणक कोणी घेतला असता? म्हणून नव्या मालिकेतील काही संगणकांत १४०१ ची हुबेहूब नक्कल करण्याची सोय ठेवली गेली. जुन्या प्रोग्रॅमला आपण जुन्याच घरात आहोत असे वाटे.

हाच उपाय आजही वापरला जातो. १९९३ पासून काही प्रोग्रॅमर मिळून वाईन नावाचा प्रोग्रॅम लिहीत आले आहेत. विंडोजच्या प्रोग्रॅमने केलेली मागणी वाईन ऐकून घेतो आणि तीच मागणी लिनक्सला समजेल अशा रीतीने पुढे पाठवतो. आपल्या कचेरीच्या उदाहरणातला हा दुभाषा म्हणा ना! पुष्कळ प्रोग्रॅम याच्या मदतीने चालतात. सगळेच चालतात असे नाही.

दुसरा उपाय अधिक मुळाशी जाणारा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. १९७३ मध्ये त्यांनी ती सी या भाषेत पुन्हा लिहून काढली. सी भाषेतील मजकूर माणसाला वाचता येतो. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्याचे त्या त्या यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतो. म्हणजे यंत्र बदलले तरी मूळ मजकूर बहुतांशी तोच ठेवून नव्याने रूपांतर करून घेता येते. तयार वडी दुसऱ्या गावी नेण्याऐवजी तिची कृती लिहून न्यावी आणि तिथल्या चुलीवर करावी, तसे हे आहे. चूल वेगळी म्हणून कृतीत थोडाफार बदल करावा लागतो, पण वडी मिळते.

फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, जिओजेब्रा हे प्रोग्रॅम विंडोजवरही मिळतात आणि लिनक्सवरही, ते याच कारणाने. तुमच्या शाळेचा भूमितीचा प्रोग्रॅम जिओजेब्रा असेल, तर त्याची लिनक्ससाठीची आवृत्ती नव्याने बसवा. जुन्या आकृत्यांच्या फाईली तिच्यात उघडतील. थोडक्यात, प्रोग्रॅम सोबत न्यायचा नसतो. तो नव्या गावी पुन्हा मिळवायचा असतो.

पावसाच्या नोंदी

आता दुसरी गोष्ट. पावसाच्या नोंदी एक्सेलसारख्या तक्त्यात आहेत. अशा फाईलचे नियम छायाचित्रापेक्षा बरेच गुंतागुंतीचे असतात. तक्ते, सूत्रे, आलेख, तारखा हे सगळे त्यांत येते. लिनक्सवरील लिब्रेऑफिस हा प्रोग्रॅम एक्सेलच्या फाईली उघडतो. आकडे आणि साधी सूत्रे बहुधा बरोबर येतात. आलेखांची मांडणी कधीकधी हलते, आणि मॅक्रो नावाच्या छोट्या आज्ञावल्या अडतात.

तारखांची एक गंमत पाहा. तक्त्यात तारीख ही तारीख म्हणून साठवलेली नसते. तो दिवसांचा आकडा असतो. एक्सेलच्या नेहमीच्या पद्धतीत १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरला जातो. या हिशेबाने १५ जून २०२४ म्हणजे ४५४५८. परंतु पूर्वी मॅकिंटॉश संगणकांवरील एक्सेल १ जानेवारी १९०४ पासून मोजत असे. दोन्हींत १४६२ दिवसांचा फरक पडतो. कोणती पद्धत वापरली याची खूण फाईलमध्ये असते. मात्र एका फाईलमधील तारखा दुसऱ्या पद्धतीच्या फाईलमध्ये नुसत्या आकड्यांसारख्या चिकटवल्या, तर १५ जून २०२४ चा पाऊस १६ जून २०२८ रोजी पडल्याचे दिसेल! आकडा एकानेही बदलला नाही, पण अर्थ बदलला.

म्हणून महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत साध्या मजकुराच्या स्वरूपात, म्हणजे सीएसव्ही पद्धतीने, ठेवावी. तिच्यात तारीख अंकांत लिहिलेली असते आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो, बस्स. सूत्रे आणि आलेख तिच्यात राहत नाहीत, पण नोंदी राहतात. कार्यालयीन कागदपत्रांसाठी ओडीएफ नावाची खुली पद्धत २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली आहे; लिब्रेऑफिस तीच वापरते.

वार्षिकांकातील अक्षरे कोठे गेली?

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, आणि ती आपल्या भाषेशी निगडित आहे.

इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १९६३ पासून ठरत गेले. त्या आस्की पद्धतीत १२८ जागा होत्या, आणि मराठी अक्षरांना त्यांत जागा नव्हती. पुढे मराठीत टंकलेखन सुरू झाले, तेव्हा लोकांनी एक युक्ती केली. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचा आकार बसवलेले फॉन्ट तयार केले गेले. कृतिदेव हा त्यांतला एक प्रसिद्ध फॉन्ट. त्यात 'मराठी' हा शब्द लिहायचा, तर फाईलमध्ये १०१, १०६, १०७, ६६, १०४ हे आकडे साठवले जातात. हे क्रमांक इंग्रजीतील लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच या अक्षरांचे आहेत. कृतिदेव फॉन्ट संगणकावर असेल तोवर पडद्यावर 'मराठी' दिसते. फॉन्ट नसेल, तर दिसतात ती पाच अर्थहीन इंग्रजी अक्षरे. दुसऱ्या फॉन्टमध्ये याच क्रमांकांवर आणखी वेगळे आकार असतात, म्हणजे तिथे तिसराच घोटाळा!

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कोणाचाही नसलेला क्रमांक द्यायचा, हे तिचे सूत्र. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले. युनिकोडमध्ये 'मराठी' म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. फॉन्ट कोणताही असो, २३५० म्हणजे 'म'च. असा मजकूर कोणत्याही संगणकावर मराठीच राहतो, आणि त्यात शब्द शोधताही येतो.

तेव्हा जुन्या फॉन्टमधील वार्षिकांकांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतले पाहिजे. त्यासाठी रूपांतरक प्रोग्रॅम मिळतात. नुसता एका क्रमांकाऐवजी दुसरा घातला की झाले, असे मात्र नाही. कृतिदेवमध्ये 'कि' लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी आणि 'क' नंतर साठवला जातो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'क' आधी, वेलांटी नंतर. 'सूर्य' मधील रफाराचेही असेच. कृतिदेवमध्ये तो 'य'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी. रूपांतरकाला ही अदलाबदल करावी लागते, आणि तिथे चुका होतात. म्हणून रूपांतरानंतर मजकूर माणसाने वाचून पाहिलाच पाहिजे. आणि हे काम जुना संगणक व जुना फॉन्ट हाताशी असतानाच करावे. कारण मूळ मजकूर काय होता ते तिथेच ताडून पाहता येते.

नऊशे वर्षे आणि सोळा वर्षे

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. इंग्लंडमधील एक घटना सांगतो.

१०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशातील जमीन, गावे, गुरेढोरे यांची मोठी पाहणी करवली. तिच्या नोंदींचे पुस्तक 'डूम्सडे बुक' या नावाने ओळखले जाते. ते आजही जपलेले आहे आणि लॅटिन जाणणाऱ्याला वाचता येते. या पाहणीला नऊशे वर्षे झाली, तेव्हा १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. देशभरातील लोकांनी, विशेषतः शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाबद्दल लिहिले आणि छायाचित्रे काढली. ही माहिती खास लेसर तबकड्यांवर साठवली गेली. त्या वाचायला बीबीसी मास्टर हा संगणक आणि खास तबकडीयंत्र लागे.

२००२ पर्यंत, म्हणजे अवघ्या सोळा वर्षांत, ती यंत्रे दुर्मीळ झाली होती. तबकड्या होत्या, त्यांच्यावर आकडेही होते. वाचणारे यंत्र मिळेना. शेवटी इंग्लंडमधील लीड्स आणि अमेरिकेतील मिशिगन या विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहून ती माहिती पुन्हा दिसू लागेल असे केले. तुमच्या शाळेच्या पावसाच्या नोंदींसाठी मात्र दोन विद्यापीठे धावून येणार नाहीत. ते काम तुम्हालाच करायचे आहे.

बिऱ्हाड हलवण्याचा क्रम

पहिल्याने यादी करा. संगणकावर काय काय आहे, कोणत्या प्रोग्रॅमने ते उघडते आणि तो प्रोग्रॅम नव्या ठिकाणी मिळतो का, असे तीन रकाने पाडा.

मग जुन्या फॉन्टमधील मजकुराचे रूपांतर करा. ब्राउझरमधील खुणा आणि पत्ते वेगळ्या फाईलमध्ये काढून घ्या. जुने पासवर्ड, प्रोग्रॅमचे परवाना क्रमांक कागदावर उतरवून शिक्षकांकडे सोपवा.

त्यानंतर फाईलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर करा. नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना जुनी डिस्क बहुधा पूर्ण पुसली जाते. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल, तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही. कारण सोपे आहे. त्या पद्धतीत फाईलची लांबी चार बाइटांत लिहितात. २५६ चा चार वेळा गुणाकार केला, तर ४,२९,४९,६७,२९६ येतात. याच्यापुढची लांबी लिहायला जागाच नाही! मोठ्या चित्रफितींसाठी एक्स-फॅट पद्धतीची डिस्क घ्या.

प्रत केली म्हणजे झाले असे समजू नका. दुसऱ्या संगणकावर त्यातील फाईली उघडून पाहा. उबुंटूसारखे लिनक्स पेन ड्राइव्हवरूनही चालते. डिस्कला हात न लावता तशा रीतीने सुरू करून आपल्या फाईली तिथे कशा दिसतात ते आधी तपासा. छपाईयंत्र आणि आवाज चालतो का, तेही पाहा. सगळे ठीक दिसल्यावरच जुनी डिस्क पुसा, आणि दोन प्रतींपैकी एक निदान वर्षभर तशीच राहू द्या.

करून पाहा

१. एका पीएनजी चित्राची प्रत करा. मूळ चित्र बाजूला ठेवा. प्रतीच्या नावाचा शेवट बदलून टीएक्सटी करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. विचित्र खुणांच्या गर्दीत अगदी सुरुवातीला पी, एन, जी ही अक्षरे दिसतील. ८०, ७८, ७१ हे त्यांचेच क्रमांक. नाव पुन्हा पूर्वीसारखे करा. चित्र परत दिसेल. नाव बदलल्याने आकडे बदलले नाहीत, हे यावरून कळते.

२. हा प्रयोग संगणकाशिवाय वर्गात करता येतो. दोन गट करा. पहिल्या गटाने 'क' ला १, 'ख' ला २ असे क्रमांक द्यावेत. दुसऱ्याने 'ज्ञ' पासून उलटे. एका गटाने आपल्या पद्धतीने एक वाक्य आकड्यांत लिहून दुसऱ्याला द्यावे. ते वाचून काय हाती येते ते पाहा. मग दोन्ही गटांना मान्य होईल असा एकच तक्ता तयार करा. स्वर, काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे कशी लिहायची यावर तुमच्यात बराच वाद होईल. युनिकोड तयार करणाऱ्यांनाही हेच प्रश्न सोडवावे लागले.

शिक्षकांना एक विनंती. शाळेचा संगणक बदलायचा असेल, तर यादी करण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवा. कोणती फाईल कशाने उघडते हे शोधता शोधता त्यांना संगणकाच्या आतील कारभार कळेल, आणि शाळेच्या नोंदी पुढच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतील.